समुद्रतळाची मोजणी

समुद्राच्या तळाचा नकाशा डोळ्यांनी पाहून काढता येत नाही. सूर्यप्रकाश पाण्यात दोनशे मीटरखाली नावापुरता उरतो आणि हजार मीटरनंतर पूर्ण काळोख असतो. रडारच्या रेडिओलहरी तर खाऱ्या पाण्यात शिरताक्षणीच विरतात, त्यामुळे विमानातून किंवा उपग्रहातून जमीन मोजण्याच्या पद्धती लाटांच्या वरच थांबतात. पाण्यातून मैलोगणती जाऊन परत येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ध्वनी. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या यंत्रातून ध्वनीचा एक ठोका सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, त्या वेळेच्या निम्म्याला वेगाने गुणायचे, की खोली हाती येते. चार हजार मीटर खोल पाण्यात ही जा-ये पाच सेकंदांहून थोड्या अधिक वेळात होते. सोनार यंत्रणेचे मूळ तत्त्व इतकेच आहे. ध्वनी नेमका कोणत्या दिशेने गेला, वाटेतल्या पाण्यात त्याचा वेग किती होता आणि त्या क्षणी जहाज कुठे व किती कललेले होते, हे ठरवण्यात मात्र या शास्त्राची शंभर वर्षे गेली.

दोरी आणि शिसे

ध्वनीच्या आधी दोरी होती. शिशाचा जड गोळा दोरीला बांधून सोडायचा आणि तो टेकला की किती दोरी गेली ते पाहायचे. गोळ्याच्या बुडाला खळगी असे व तिच्यात चरबी भरलेली असे. तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा त्या चरबीला चिकटून वर येई आणि जहाजाच्या कप्तानाला खोलीबरोबर तळाचा पोतही कळे. कोकणातला तांडेल खोली वावांत सांगतो. पसरलेल्या दोन हातांमधले अंतर म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. इंग्रज दर्यावर्द्यांचा फॅदमही तेवढाच.

उथळ पाण्यात ही रीत चांगली चाले. खोल समुद्रात मात्र एकेका मोजणीला तासन् तास लागत. दोरी स्वतःच्याच वजनाने खाली जात राही आणि गोळा टेकल्याचे हाताला कळत नसे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून सागरविज्ञानाचा पाया घातला. त्या साडेतीन वर्षांच्या सफरीत खोल समुद्रातल्या मोजण्या पाचशेच्याही आतच राहिल्या. मार्च १८७५ मध्ये पश्चिम पॅसिफिकमध्ये मारियाना बेटांजवळ त्यांच्या दोरीने ४,४७५ फॅदम, म्हणजे आठ हजार मीटरांहून अधिक खोली दाखवली. पुढे जगातली सर्वांत खोल जागा तिथल्याच गर्तेत सापडली आणि तिला जहाजाचेच नाव मिळाले. हिंदुस्थानात १८७४ साली कलकत्त्याला सागरी सर्वेक्षण खाते सुरू झाले. त्याच्यासाठी ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज १८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधले गेले. बंदरे, खाड्या आणि किनाऱ्यालगतचा उथळ भाग त्यांनी नेटाने मोजला. त्यापलीकडचा समुद्र मात्र नकाशावर जवळजवळ कोराच होता.

प्रतिध्वनीचे आगमन

एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळून बुडाले आणि पाण्यातले अडथळे आधी ओळखण्याच्या खटपटीला युरोप-अमेरिकेत जोर चढला. अलेक्झांडर बेह्म या जर्मन शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेंडेन याने १९१४ मध्ये आपल्या यंत्राने हिमनगावरून परतलेला आवाज पकडला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ याने क्वार्ट्‌झच्या चकत्यांवर विजेचा दाब देऊन पाण्यात उच्च कंपनांचा ध्वनी निर्माण करून दाखवला. आजच्या सोनारमधले ट्रान्सड्यूसर त्याच गुणधर्मावर चालतात. वीज दिली की ते कंप पावतात आणि परतलेल्या ध्वनीने कंप पावले की वीज देतात.

१९२५ ते १९२७ या दोन वर्षांत ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकात ६७ हजारांहून अधिक ठिकाणी खोली मोजली. ‘चॅलेंजर’च्या सगळ्या सफरीपेक्षा हा आकडा शंभरपटीहून मोठा होता. सपाट समजला गेलेला सागरतळ डोंगराळ असल्याचे तेव्हा प्रथमच पुराव्यानिशी दिसले.

अरबी समुद्राची पाळी १९३३ मध्ये आली. ‘चॅलेंजर’वर काम केलेल्या जॉन मरे यांनी मागे ठेवलेल्या पैशातून निघालेली एक मोहीम इजिप्तच्या ‘मबाहिस’ या छोट्या जहाजावरून १९३३-३४ मध्ये या समुद्रात फिरली. तिचे नेतृत्व सेमूर सेवेल यांच्याकडे होते. हे गृहस्थ त्याआधी भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. १९२८ ते १९३० च्या डॅनिश ‘डाना’ मोहिमेने अरबी समुद्रातल्या ज्या बुडित डोंगररांगेला कार्ल्सबर्ग हे नाव दिले होते, तिच्यावरून ‘मबाहिस’ने प्रतिध्वनियंत्र चालवत नेले. रांगेच्या मधोमध लांबवर गेलेली एक खोल दरी दिसून आली. वाइझमन आणि सेवेल यांनी १९३७ मध्ये ही रचना पूर्व आफ्रिकेतल्या प्रसिद्ध खचदऱ्यांशी ताडून पाहिली. तिचा अर्थ मात्र तेव्हा कोणाला उलगडला नाही.

तो अर्थ न्यूयॉर्कमधल्या एका टेबलावर उलगडू लागला. मारी थार्प ही भूशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात अटलांटिकमधल्या सोनारच्या नोंदी जोडून तळाचे छेद काढत होती. स्त्री असल्यामुळे तिला संशोधनजहाजावर जायची मुभा नव्हती. ब्रूस हीझन आणि इतरांनी आणलेल्या आकड्यांवरच तिचे काम चाले. १९५२-५३ च्या सुमारास तिला दिसले, की अटलांटिकच्या मधल्या रांगेच्या माथ्यावर दर छेदात एकाच जागी खाच आहे. रांगेच्या मधोमध दरी असेल तर जमीन तिथे फाकत असली पाहिजे, असे तिचे म्हणणे. हीझनने ते आधी उडवून लावले. शेजारच्याच टेबलावर भूकंपांच्या केंद्रांचा नकाशा काढला जात होता. तो तिच्या नकाशावर ठेवला तेव्हा केंद्रे नेमकी त्या दरीत पडली. थार्पला मान्यता फार उशिरा मिळाली, आणि या विषयाच्या इतिहासातला तो खरोखरच मोठा अन्याय आहे.

खोलीच्या समोच्चरेषा अमेरिकन नौदलाने गुप्त ठरवलेल्या होत्या. म्हणून थार्प आणि हीझन यांनी तळाचे उठावदार चित्र काढण्याचा मार्ग धरला. याच पद्धतीचा हिंदी महासागराचा नकाशा १९६७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने छापला आणि त्या रंगीत चित्राने सामान्य वाचकाला समुद्राखालचे डोंगर प्रथम दाखवले. मधल्या काळात, १९६२ मध्ये, ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग रांगेच्या एका तुकड्याची खोली आणि चुंबकीय क्षेत्र यांची दाट मोजणी केली. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्या आकड्यांच्या आधारे १९६३ मध्ये मांडले, की रांगेच्या माथ्यावर नवा खडक तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत जातो आणि तयार होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात नोंदवून ठेवतो. भूपट्ट सरकतात या आजच्या सर्वमान्य सिद्धान्ताचा एक मुख्य पुरावा असा मुंबईच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या समुद्रातून आला. ही गोष्ट मराठी शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवी.

एका ठोक्यातून शेकडो खोल्या

त्या काळच्या यंत्रांतून ध्वनी एका रुंद शंकूत खाली जाई. शंकू तीस अंशांचा धरला तर चार हजार मीटर खोलीवर त्याचे बूड दोन किलोमीटरांहून रुंद होते. त्या वर्तुळात जी जागा जहाजाला सर्वांत जवळ तिचाच प्रतिध्वनी आधी येतो; मग बाजूला असलेले शिखर जहाजाच्या बरोबर खाली असल्यासारखे नोंदले जाते आणि अरुंद दरी बुजून जाते. शिवाय मोजणी जहाजाच्या वाटेपुरतीच होते. दोन वाटांच्या मधले सगळे अंदाजाने भरावे लागते.

यावरचा तोडगा म्हणजे मल्टिबीम सोनार. त्याची युक्ती फार देखणी आहे. जहाजाच्या बुडाला ट्रान्सड्यूसरच्या दोन रांगा काटकोनात बसवतात, एक नाळेपासून मागच्या दिशेने जाणारी आणि दुसरी तिला आडवी. लांबीच्या दिशेची रांग ध्वनी सोडते. रांगेतल्या सगळ्या ट्रान्सड्यूसरचे ध्वनी एकमेकांत मिसळल्याने तो पुढे-मागे न पसरता डावीकडून उजवीकडे पसरलेल्या पातळ पंख्यासारखा खाली जातो आणि तळावर जहाजाला आडवी एक अरुंद पट्टी उजळते. आडवी रांग फक्त ऐकते. तिच्या प्रत्येक घटकाला तोच प्रतिध्वनी किंचित वेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या फरकांवरून संगणक तो कोणत्या कोनातून आला हे ठरवतो. उजळलेली पट्टी अशा रीतीने लहान लहान तुकड्यांत विभागली जाते आणि एकाच ठोक्यातून प्रत्येक तुकड्याची, म्हणजे प्रत्येक ‘बीम’ची, स्वतंत्र खोली निघते.

अमेरिकन नौदलाने ही पद्धत १९६० च्या दशकात गुप्तपणे वापरायला घेतली. मुलकी संशोधनासाठी ती १९७७ मध्ये ‘झाँ शार्को’ या फ्रेंच जहाजावर आली, तेव्हा तिला १६ बीम होते. भारताचे ‘सागर कन्या’ हे संशोधनजहाज १९८३ मध्ये जर्मनीहून आले आणि पुढे त्यावर बसवलेल्या हायड्रोस्वीप यंत्रणेला ५९ बीम होते. आजच्या खोल समुद्राच्या यंत्रणांत चारशेहून अधिक असतात. एक अंशाच्या बीमचा ठसा चार हजार मीटर खोलीवर सुमारे ७० मीटर रुंद पडतो. त्याहून लहान टेकाड जहाजावरून नीट दिसत नाही, आणि ही मर्यादा कुठल्याही संगणकाने ओलांडता येत नाही.

कंपनसंख्या निवडताना तडजोड करावी लागते. उच्च कंपनांचा ध्वनी बारीक तपशील देतो, पण पाणी तो लवकर शोषून घेते. म्हणून बंदरात २०० ते ४०० किलोहर्ट्‌झ वापरतात आणि महासागरात १२ किलोहर्ट्‌झच्या आसपास. कंपने कमी झाली की ध्वनिलहरीची लांबी वाढते आणि त्याला अरुंद ठेवायला रांगही लांब लागते. १२ किलोहर्ट्‌झचा एक अंशाचा बीम करायला सात-आठ मीटर लांबीची रांग हवी. एवढी रांग मोठ्या जहाजाच्याच पोटाखाली मावते. खोल समुद्राची मोजणी मोजक्या देशांच्या हातात राहिली त्याचे हे एक साधे कारण आहे.

कामाचा वेग खोलीवर ठरतो. १२० अंशांचा पंखा खोलीच्या साडेतीनपट रुंद पट्टा मोजतो. चार हजार मीटर खोलीवर तो सुमारे १४ किलोमीटरांचा होतो. जहाज दहा नॉट वेगाने चालले आणि शेजारच्या पट्ट्यांची थोडी कड एकमेकींवर येऊ दिली, तर दिवसाकाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढे क्षेत्र मोजून होते. वीस मीटर खोल पाण्यात मात्र हाच पट्टा ७० मीटरांचा होतो. तेवढ्याच क्षेत्राला त्याच वेगाने सहा महिन्यांहून अधिक काळ अखंड लागेल. किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र अनेक देशांत आजही नीट मोजलेला नाही, तो यामुळे.

पाणी आणि लाटा

ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० मीटर हा केवळ ढोबळ आकडा. पाणी एक अंश सेल्सिअसने तापले की वेग साधारण तीन-चार मीटरने वाढतो. खारटपणाने थोडा वाढतो. आणि दाबामुळे दर हजार मीटर खोलीला सुमारे १७ मीटरने वाढतो. अरबी समुद्राचा वरचा थर तिशीला टेकलेला आणि खारट, तिथे वेग १,५४० च्या घरात असतो. खाली पाणी थंड होते तसा तो घटतो. दीड-पावणेदोन किलोमीटर खोलीवर तो १,४९० च्या आसपास येतो आणि नंतर दाबामुळे पुन्हा चढू लागतो. वेगात एक टक्का चूक झाली तर चार हजार मीटरांत चाळीस मीटरांची चूक होते.

याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे ध्वनी वाकतो. वेग बदलणाऱ्या थरांतून तिरका जाणारा बीम प्रत्येक थरात आपली दिशा बदलतो. वेगाची नोंद चुकीची असेल तर मधला भाग बरोबर दिसतो आणि दोन्ही कडा वर उचललेल्या किंवा खाली झुकलेल्या दिसतात. सपाट तळ नकाशावर पन्हळीसारखा उमटतो. म्हणून मोजणीपूर्वी आणि मोजणीच्या मधूनमधून तारेला बांधलेले उपकरण खोलवर सोडून तापमान, खारटपणा आणि दाब यांचा पूर्ण छेद घेतात. जहाज थांबवायला वेळ नसेल तेव्हा बारीक तारेवरचा एक टाकाऊ तापमापक चालत्या जहाजावरून सोडतात. तो बुडता बुडता आकडे पाठवतो आणि शेवटी तार तुटून तळाला जातो.

दुसरी अडचण खुद्द जहाजाची. ते डावे-उजवे डोलते, नाळ वर-खाली होते, सबंध जहाज लाटेबरोबर उचलले जाते. चार हजार मीटर खोलीवर साठ अंशांच्या तिरक्या बीममध्ये डोलण्याची नोंद अर्ध्या अंशाने चुकली तर खोली साठ मीटरांनी चुकते. त्यामुळे जहाजाच्या मध्यावर बसवलेला संवेदक दर सेकंदाला अनेकदा अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत कल मोजतो. उपग्रहांवरून जहाजाची जागा कळते. अँटेना, संवेदक आणि ट्रान्सड्यूसर यांच्यामधली अंतरे जहाज सुक्या गोदीत असतानाच मोजून ठेवलेली असतात.

एवढ्यानेही भागत नाही. ही सगळी उपकरणे एकमेकांशी जुळतात की नाही हे समुद्रावरच तपासावे लागते. आधी सपाट तळ निवडतात आणि त्याच रेषेवरून जहाज एकदा जाते व एकदा उलटे येते. दोन्ही वेळचे आडवे छेद एकमेकांवर ठेवले की ते कात्रीसारखे एकमेकांना छेदताना दिसतात; तो कोन म्हणजे डोलण्याच्या नोंदीतल्या चुकीची दुप्पट. मग उतारावरून तसेच जाऊन नाळेच्या वर-खाली होण्यातली चूक काढतात, आणि शेजारच्या दोन समांतर रेषांवरून दिशेतली. निघालेले आकडे संगणकात भरेपर्यंत खरी मोजणी सुरू होत नाही. घाईत ही तपासणी आटोपली तर पुढच्या महिनाभराच्या कामावर तिरक्या रेघांचा ठसा उमटतो आणि तो नंतर पुसणे फार कठीण असते.

प्रत्यक्ष मोजणी म्हणजे नांगराच्या तासांसारख्या समांतर रेषा, टोकाला वळून पुन्हा शेजारची. जहाजावरच्या सर्वेक्षण-खोलीत चोवीस तास पाळ्या चालतात. पडद्यावर दर ठोक्याला एक आडवी रेघ वाढत जाते, उथळ भाग तांबडा आणि खोल भाग निळा. कडेचे बीम विस्कटू लागले की पाळीवरच्या माणसाने ओळखायचे, की पाणी बदलले आहे आणि नवा छेद घ्यायला हवा. मधले बीम अचानक गळाले तर बहुधा नाळेने फोडलेल्या लाटेतले बुडबुडे जहाजाखाली आलेले असतात; बुडबुड्यांच्या पडद्यातून ध्वनी जात नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत अरबी समुद्रात हे इतके होते, की पश्चिम किनाऱ्याकडचे असे काम मुख्यतः ऑक्टोबर ते मे या काळात उरकावे लागते.

जमलेल्या आकड्यांत खोटे प्रतिध्वनीही असतात. माशांचे थवे, दुसऱ्या यंत्राचा आवाज, बाजूच्या कड्यावरून फिरून आलेला ध्वनी, असे बरेच काही. ते संगणकाच्या मदतीने, पण शेवटी माणसाच्या नजरेने वेचून काढतात. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीही वजा करावी लागते. मुंबईत पाणी दिवसात चार-पाच मीटर चढते-उतरते. अपोलो बंदरावर १८७८ पासून ठेवलेली पाण्याच्या पातळीची नोंद हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहे. परतलेला ध्वनी किती जोरदार आहे यावरूनही माहिती मिळते. उघडा बेसाल्ट तो जोराने परतवतो, मऊ चिखल बराचसा गिळतो. तळातून फुटणाऱ्या मिथेन वायूचे बुडबुडेही पाण्यात उभ्या स्तंभासारखे दिसतात.

पश्चिम किनाऱ्यापुढचा तळ

अशा मोजण्यांतून महाराष्ट्रापुढच्या समुद्राचे रूप हळूहळू स्पष्ट झाले आहे. मुंबईपुढे किनारमंच सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे केरळपर्यंत तो निमुळता होत जातो. त्याच्या बाहेरच्या भागात समुद्राची पातळी खूप खाली होती तेव्हा तयार झालेले चुनखडकाचे उंचवटे आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर बुडित पठारासारखा आंग्रिया बँक उठतो. त्याचा माथा पाण्याखाली वीस-पंचवीस मीटरवर असून त्यावर प्रवाळ आहे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव सागरी नकाशावर या पठाराने जपले आहे.

मंचाची कड ओलांडली की तळ झपाट्याने उतरतो आणि पुढे लक्ष्मी द्रोणी लागते. तिच्यात तीन मोठे बुडित पर्वत उभे आहेत. त्यांना सी. व्ही. रामन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ डी. एन. वाडिया यांची नावे आहेत. वाडिया पर्वताचा माथा सपाट आहे. द्रोणीच्या पश्चिमेला लक्ष्मी रांग, तिच्यापलीकडे सिंधू नदीने हिमालयातून आणलेल्या गाळाचा कित्येक किलोमीटर जाडीचा प्रचंड पंखा आणि त्याच्याही पुढे कार्ल्सबर्ग रांग. दक्षिणेला नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगेवरच्या तीन रचनांना २०२४ मध्ये भारताने सुचवलेली अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाली.

या कामाचा मोठा भाग गोव्यातून चालतो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिचे ‘सिंधू साधना’ हे जहाज मल्टिबीमने सज्ज आहे. वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची, म्हणजे तेवीस लाख चौरस किलोमीटरांच्या घरातल्या समुद्राची मोजणी पाहते. नौवहनाचे अधिकृत नकाशे मात्र नौदलाचे देहरादूनस्थित जलसर्वेक्षण खाते काढते. कोलकात्यात बांधलेले त्याचे ‘संधायक’ हे नवे जहाज फेब्रुवारी २०२४ मध्ये ताफ्यात आले.

नकाशा नसला तर

८ जानेवारी २००५ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अमेरिकन अणुपाणबुडी गुआमच्या दक्षिणेला पूर्ण वेगात एका बुडित पर्वतावर आदळली. तिच्यावरच्या नकाशात तो पर्वत नव्हता. एक खलाशी मरण पावला आणि नव्वदहून अधिक जखमी झाले.

८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे एमएच ३७० हे विमान नाहीसे झाले, तेव्हा हीच उणीव अधिक व्यापक रूपात समोर आली. दक्षिण हिंदी महासागरात जिथे शोध घ्यायचा होता तिथला तळ उपग्रहांवरून काढलेल्या अंदाजापुरताच माहीत होता. बुडित पर्वताच्या वजनाने आजूबाजूचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते आणि समुद्राचा पृष्ठभाग तिथे मीटर-दोन मीटर उंचावतो. उपग्रह तो फुगवटा मोजतात. पद्धत सुंदर आहे, पण काही किलोमीटरांहून लहान काहीही तिला दिसत नाही. तळाजवळून ओढायची शोधयंत्रे अशा नकाशावर विसंबून सोडली तर ती कड्यावर आपटणार. म्हणून आधी जहाजांनी दोन लाख चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र मल्टिबीमने मोजले. उपग्रहाच्या नकाशात न दिसलेले कडे, ज्वालामुखी आणि घळी त्यात उमटल्या. विमान सापडले नाही. मोजणीचे आकडे ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये सर्वांसाठी खुले केले.

मोजणी पुन्हा केली तर बदलही कळतो. जपानमधल्या ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मोजलेल्या रेषेवरूनच जहाज पुन्हा नेले. दोन नकाशांची वजाबाकी केली तेव्हा गर्तेजवळचा तळ सुमारे पन्नास मीटर पुढे सरकून सात ते दहा मीटर वर आल्याचे दिसले. त्या उचलीनेच त्सुनामीला एवढे बळ दिले होते. जुनी मोजणी नसती तर हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या इंटरनेटच्या केबलही आधी मल्टिबीमने तपासलेल्या वाटेनेच टाकल्या जातात. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपलीकडच्या तळावर हक्क सांगायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याप्रमाणे खंडउताराचा पायथा आणि अडीच हजार मीटरची समोच्चरेषा मोजून दाखवावी लागते; भारताने असा दावा मे २००९ मध्ये दाखल केला. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे बहुधातुक गोळ्यांच्या शोधासाठी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेवर दहा हजार चौरस किलोमीटरांत धातूंच्या सल्फाइडचा शोध घेण्याचा करारही झाला. उष्ण झऱ्यांच्या जागा शोधायला तिथेही सुरुवात जहाजावरच्या सोनारनेच होते. तळाशी उतरणारी स्वयंचलित वाहने त्यानंतर. हा शोध पुढे खाणकामापर्यंत जाणार असेल, तर आज घेतलेला तपशीलवार नकाशा हाच अबाधित तळाचा एकमेव पुरावा राहील. तो काटेकोर हवा आणि सर्वांना पाहता येईल असा हवा.

ध्वनीचा उपद्रवही विसरता येत नाही. २००८ मध्ये मादागास्करच्या एका खाडीत शंभराच्या आसपास लहान देवमासे शिरून अडकले आणि त्यांतले बरेच मेले. स्वतंत्र तज्ज्ञांनी २०१३ मध्ये निष्कर्ष काढला, की किनाऱ्याबाहेर चाललेले १२ किलोहर्ट्‌झचे मल्टिबीम सर्वेक्षण हेच त्यामागचे सर्वांत संभाव्य कारण होते. मोजणीची जागा आणि हंगाम ठरवताना देवमाशांचा विचार करणे हा कामाचाच भाग असला पाहिजे.

जगाच्या समुद्रतळाचा एकत्रित नकाशा करण्याचे काम १९०३ मध्ये मोनाकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या पुढाकाराने सुरू झाले. त्याच परंपरेतून २०१७ मध्ये जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या साहाय्याने ‘सीबेड २०३०’ हा प्रकल्प निघाला. तेव्हा अवघा ६ टक्के तळ आधुनिक पद्धतीने मोजलेला होता. जून २०२५ मध्ये हा आकडा २७.३ टक्क्यांवर आला. या वाढीत नव्या मोजणीबरोबरच देशांनी आणि कंपन्यांनी कपाटांतून बाहेर काढून दिलेल्या जुन्या आकड्यांचाही मोठा वाटा आहे. मालवाहू जहाजे आणि मासेमारी बोटीही आपल्या साध्या खोलीमापकाच्या नोंदी आंतरराष्ट्रीय साठ्यात देऊ शकतात. देशांच्या सागरी हद्दीत त्याला त्या त्या सरकारची संमती लागते. बंदरे आणि नौदलाचे तळ यांच्याजवळचे आकडे जपून ठेवणे रास्त आहे. पण किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, चार हजार मीटर पाण्याखालच्या डोंगरांची मोजणी दडवून कोणाचेच संरक्षण होत नाही. भारतीय जहाजांनी गेल्या काही दशकांत केलेली तशी सगळी मोजणी भारताने खुली करावी.